अळणी घरातला मिठाचा वास

ही घडलेली गोष्ट आहे. कुठे वाचलेली नाही, कुणी फॉरवर्ड केलेली नाही. जिच्यासोबत घडली ती राजेश्री माझी मावसबहीण. परभणीजवळच्या पेडगावला दिलेली आहे आणि आजही तिथेच राहते. ज्यांना मला शास्त्र शिकवायचं असेल त्यांनी खुशाल शिकवावं, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

आणि एक सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. रात्रसुद्धा नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. मागच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये.

आमच्याकडची एप्रिलची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे पटायचं नाही. ऊन चढलं की दारं लागतात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रात्री निदान कुणी खोकतं, कुणाचा टीव्ही चालू असतो. दुपारी तेवढंही नसतं.

तर राजेश्रीचे मालक मुंजाजी, म्हणजे आमचे दाजी. माणूस दणकट होता. हरभऱ्याचं पोतं एकटे उचलून ट्रॅक्टरवर टाकायचे. पण साखरेच्या आजारानं आतून पोखरले गेले. आधी नजर मंद झाली, मग दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षांपासून डायलिसिस चालू होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी धाकटा भाऊ महारुद्र त्यांना जीपमधून परभणीच्या दवाखान्यात न्यायचा. मशीनवर रक्त धुऊन व्हायचं आणि संध्याकाळी दाजी गळून गेलेले घरी परत यायचे.

त्यांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून मशीनसाठी एक शीर मोठी केलेली होती. त्या जागेवर हात ठेवला की मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. राजेश्री रोज सकाळी चहाच्या आधी तिथे हात ठेवायची. घुरघुर लागली की मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

आणि घरात मीठ नव्हतं.

हे नीट लक्षात घ्या. मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी प्यावंसं वाटतं, आणि डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून-मापून. एकदा दाजींनी लपून लोणच्याच्या फोडी खाल्ल्या आणि पाण्यावर पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी श्वास घेता येईना. त्या दिवशी राजेश्रीनं मिठाची बरणी, लोणचं, पापड, सगळं उचललं आणि शेजारच्या सगुणाबाईंकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून तीही अळणीच जेवायची. नवऱ्यासमोर आपण चवीनं खायचं तिला जमेना.

आता राहिली सासू.

कस्तुराबाई. दाजींची आई. गोष्ट घडली त्याच्या आदल्या दिवाळीनंतर ती गेली. तिच्या हाताच्या शेकाचं अख्ख्या गावात नाव होतं. कुणाची कंबर धरली, कुणाच्या लेकराचं पोट दुखलं, की बोलवा कस्तुराबाईला. तिचा एक जुना लोखंडी तवा होता. त्यात जाडं मीठ आणि ओवा टाकायची. मीठ तडतडलं की लुगड्याच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करायची आणि शेकायला बसायची. दुखणारा माणूस शेकता शेकता घोरायला लागायचा.

लेकाच्या किडन्या गेल्या तेव्हा ती दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभी राहिली होती. म्हणाली, "माझी काढा अन् त्याला घाला. मला आता कुठं न्यायची हाय?"

वय फार होतं, बीपी होता. डॉक्टरांनी समजावून परत पाठवलं. त्या गोष्टीचा तिनं घोर घेतला. शेवटच्या आजारात एकच घोकायची, "माझ्या लेकरासाठी माझ्या हातून काहीच झालं न्हाई."

तसंच म्हणत ती गेली.

मार्चमध्ये दाजींचा उजवा पाय गार पडायला लागला. बाहेर उन्हानं जीव चाललाय आणि यांचा पाय माठासारखा गार. चार पावलं चालले की पोटरी धरायची. मग अंगठ्याचा रंग बदलला. आधी जांभळा, मग काळपट.

डायलिसिसच्या डॉक्टर माधवी मॅडम. त्यांनी दाजींच्या पायाला जेली लावली आणि पेनासारखं एक यंत्र टेकवलं. त्यातून पायातलं रक्त वाहताना ऐकू येतं.

आधी डावा पाय.

सर्र... सर्र... सर्र...

मग उजवा.

काही नाही.

मॅडमनी जागा बदलली. घोट्याच्या मागे टेकवून पाहिलं, पावलावर टेकवून पाहिलं. यंत्र नुसतं खरखरत होतं.

राजेश्री मला म्हणाली, "दादा, माणूस समोर बसून बोलायलाय आन त्याच्या पायातून काहीच आवाज येईना. मला लय भ्या वाटलं."

मॅडमनी समजावून सांगितलं. डायलिसिसवरच्या लोकांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसतं. बोअरच्या पाण्यानं पाइपात क्षार धरतो तसंच. त्यात साखरेचा आजार. वाहिनी कडक होते, अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते. मग संभाजीनगरला नेलं. तिथे आतून तार घालून वाहिनी उघडायचा प्रयत्न झाला. तार पुढे सरकलीच नाही.

परत आल्यावर माधवी मॅडम स्पष्ट बोलल्या.

"गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. उशीर केला आणि विष रक्तात पसरलं, तर पायाचं सोडा, माणूसच वाचणार नाही."

दाजी म्हणाले, "दोन पायानं आलोय, दोन पायानं जाणार. ह्याच्यावर कुणी बोलायचं न्हाई."

निघताना मॅडमनी राजेश्रीला बाजूला घेतलं.

"पाय गार लागतो म्हणून शेकायचं नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, वीट नाही, काही नाही. आतून ठणका लागतो, पण वरून चटका बसला तर त्यांना कळणार नाही. आणि ती जखम भरून यायला तिथे रक्तच पोचत नाही. समजलं का?"

राजेश्रीनं मान हलवली. खरं सांगायचं तर त्याच दिवशी घरी जाऊन शेकायचं तिच्या मनात होतं. आपल्याकडे गार पडलेल्या पायाला दुसरं काय करतात? पण मॅडमनी सांगितलं म्हणजे सांगितलं. तिनं तो विचार सोडला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी लाइट गेली होती. दाजी समोरच्या खोलीत खाटेवर पडले होते. राजेश्री मागच्या खोलीत तूर निवडत बसली होती. पंखा बंद, दार बंद, गाव चिडीचूप.

तेवढ्यात आवाज आला...

तड.

तिला वाटलं, पत्रे तापलेत.

तड... तड... तड...

पत्र्याचा आवाज वरून येतो. हा स्वयंपाकघरातून येत होता.

आणि मग वास आला.

गरम मिठाचा आणि ओव्याचा खरपूस वास. कितीतरी महिने अळणी खाल्लेल्या बाईला तो वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. हे तिनं मला लाजत सांगितलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद. ओटा कोरडा. सासूचा लोखंडी तवा भिंतीवर खिळ्याला टांगलेला, कित्येक महिन्यांत खाली न काढलेला. तिनं सहज त्याला हात लावला.

चटका बसला.

त्याच वेळी समोरच्या खोलीतून दाजींचा झोपाळलेला आवाज आला...

"हं... जरा वरी... हां, तितंच..."

ती धावतच गेली. दाजी गाढ झोपले होते. पायथ्याशी कोणी नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. दोन महिने तिनं तो चेहरा असा शांत पाहिला नव्हता.

तिनं उजव्या पायाला हात लावला.

पाय ऊबदार होता.

घाबरायचं सोडून ती तिथेच रडायला लागली. आनंदानं. तिला वाटलं, पायात रक्त आलं, देवानं ऐकलं. संध्याकाळी चादर झटकताना हाताला काहीतरी कचकच लागलं. तिनं बोट जिभेला लावून पाहिलं.

खारट.

मंगळवारी दवाखान्यात पायमोजा काढला तर टाचेवर लिंबाएवढा फोड. माधवी मॅडमचा पारा चढला.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला? शेकलंत ना शेवटी?"

"म्या न्हाई शेकलं, मॅडम. देवाची आण."

"मग हा भाजल्याचा फोड आला कुठून?"

 सगळ्या वॉर्डनं राजेश्रीकडे पाहिलं. नवऱ्याचा पाय जाळणारी अडाणी बाई. परत येताना महारुद्र जीप चालवता चालवता हळूच म्हणाला, "वहिनी, मायेपोटी होतंय माणसाकडून. पर आता नगा करू." ती पदर तोंडाला लावून रडली. रडण्यात दुःख कमी आणि संताप जास्त होता.

घरी आल्यावर तिनं दाजींना सरळ विचारलं.

"अहो, तुमाला कोण शेकतंय?"

दाजींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू हीच वेडी झाली.

"कोण म्हंजे? आई."

राजेश्रीनं नकळत खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं.

"दुपारी येती," दाजी म्हणाले. "बोलत न्हाई. शेकती आन जाती. तिच्याबिगर मला झोप लागत न्हाई."

ना ताप होता, ना बरळणं. शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी राजेश्रीनं तवा खिळ्यावरून काढला आणि सगुणाबाईंकडे नेऊन दिला. कारण सांगितलं नाही. घरातला ओवा उकिरड्यावर टाकला. गॅसचं रेग्युलेटर काढून पेटीत ठेवलं आणि दुपारी स्वतः खाटेजवळ सतरंजी टाकून बसली.

दुपार झाली. सामसूम.

आवाज नाही. वास नाही. तिला जरा धीर आला. तिनं भिंतीला डोकं टेकलं.

तेवढ्यात दार धडाधड वाजलं.

बाहेर सगुणाबाई. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. हातात चिमटा, आणि चिमट्यात तो तवा.

"राजेश्री, हा तवा मी खुंटीला टांगला होता गं. आपुआप तापला! पोरीचा हात भाजला माझ्या!"

आणि बोलता बोलता तिनं नाक वर करून वास घेतला. राजेश्रीच्या खांद्यावरून घरात पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"तुमच्या घरात शेकायलंय कोण?"

राजेश्री वळली. मागे वास भरून राहिला होता. दाजींचा आवाज आला, "हां... तितंच..."

सगुणाबाईनं तवा उंबऱ्यावर ठेवला.

"हा कस्तुराबाईच्या हातचा वास हाय," ती म्हणाली. "तुमचं तुमच्या घरात ठेवा, माय." आणि ती गेली. त्यानंतर कितीतरी दिवस दुपारचं तिनं आपलं दार उघडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आईच होती ना, मग भ्यायचं कशाला?

तिथेच तर सगळी गोम आहे. वाईट करायला आलेल्याला देव-देवऋषी करून घालवता येतं. ही बाई लेकाचं बरं करायला आली होती. हयातीत काही करता आलं नाही म्हणून आता करत होती. आणि तिला जे एकच येत होतं, तेच या पायाला चालत नव्हतं.

फोड फुटला. जखम काळी पडली. काळपट रंग अंगठ्यावरून पावलावर आला. खोलीत उदबत्ती लावली तरी घाण वास जाईना. फक्त दुपारी तो वास मिठा-ओव्याच्या वासाखाली दबायचा.

शुक्रवारी मशीनवर असताना दाजींना हुडहुडी भरून ताप आला. माधवी मॅडमनी राजेश्रीला बाहेर बोलावलं. या वेळी त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच राजेश्री जास्त घाबरली.

"विष पसरायला लागलंय. एक-दोन दिवसांत ठरवा. त्यानंतर मला विचारू नका, माझ्या हातात काही राहणार नाही."

राजेश्रीनं सगळं करून पाहिलं. दाजींच्या पाया पडली. जेवण सोडलं. भांडली. महारुद्रनं समजावलं. पण दाजी हट्टाला पेटले होते.

"पाय सुधारायलाय. दुपारी कसा गरम ऱ्हातो, हात लावून बघ. आई हाय तवर मला फिकीर न्हाई."

तापानं डोळे लाल झालेले, आणि माणूस म्हणतोय पाय सुधारायलाय.

त्या रात्री राजेश्री झोपली नाही. नवरा आपल्या हातून चाललाय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. अडवायचं कुणाला, हेही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं महारुद्रला घराबाहेर बसवलं, दाराला आतून कडी लावली आणि खाटेच्या पायथ्याशी, दाजींच्या पायाजवळ जाऊन बसली.

दाजी ग्लानीत होते. घरात माशीचा आवाजही नव्हता.

आणि मग...

तड.

तड... तड...

वास आला. एकदम जवळून आला.

राजेश्रीनं हात जोडले. बोलायला तोंड उघडलं.

तिच्या समोर, हातभर अंतरावर, गादी हळूहळू दबली...

कोणीतरी टेकल्यावर दबते तशी. चादरीला सुरकुत्या पडल्या. दाजी झोपेतच हसले.

"आत्याबाई," राजेश्री कशीबशी म्हणाली.

सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

"आत्याबाई, मी तुमाला आजपस्तोर कधी उलटून बोलले न्हाई. आज बोलायलेय. ह्या पायाला शेक चालत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तव्हा तुमी नव्हता. ह्याच्यात रगत न्हाई, आत्याबाई. तुमी शेकता, त्यांना बरं वाटतं, आन आतून ते जळायलंय. ही जखम बघा. ही तुमच्या हातानं झाली. तुमच्याच हातानं तुमचं लेकरू मरायलंय..."

तडतड थांबली.

वास तसाच होता. गादी दबलेली तशीच होती.

किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. मग रडण्याआधी माणूस श्वास आत ओढतं तसा आवाज झाला. अगदी जवळ. रडणं मात्र आलं नाही.

गादी हळूहळू वर आली. चादर सरळ झाली.

राजेश्री म्हणते, तिच्या आयुष्यात तिनं इतकं वाईट काम कधी केलं नाही. मेलेल्या आईला सांगायचं, की तुझ्या मायेनं तुझा लेक जळतोय. पण ती काय करणार होती? तिला नवरा हवा होता.

दुसऱ्या दुपारी कोणी आलं नाही.

आणि मग पायाचं दुखणं काय असतं ते दाजींना कळलं. इतके दिवस दबून राहिलेला सगळा ठणका एकदम वर आला. त्यांचं ओरडणं पार रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं.

"आईला कामून घालवलीस?" ते राजेश्रीवर ओरडले. "बोलाव तिला! तू काय केलंस तिला? बोलाव!"

राजेश्री कानात बोटं घालून स्वयंपाकघरात बसून राहिली. बोलावलं नाही.

संध्याकाळी दाजी म्हणाले, "काढा. काढून टाका एकदाचा."

महारुद्रनं जीप काढली. रात्रीच ऑपरेशन झालं. गुडघ्याखालून पाय गेला, माणूस वाचला. ताप उतरला. माधवी मॅडम राजेश्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वेळेवर आणलंत."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीच नसती.

मे महिन्यात दाजी घरी आले. आणि नसलेला पाय दुखायला लागला.

असं होतं म्हणे. पाय गेला तरी डोक्याला ते कळत नाही. मॅडमनी तसं समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या. पण किडन्या गेलेल्या माणसाला औषधंही जपूनच देता येतात. गोळ्यांनी काही भागेना. दाजी टॉवेल दातात धरून रडायचे. "अंगठा पिळायलंय गं कुणीतरी," म्हणून रिकाम्या चादरीकडे बोट दाखवायचे. तिथे काहीच नसायचं. राजेश्री हात फिरवणार तरी कशावर?

एका मंगळवारी ते जीपमध्ये बसले नाहीत.

"बास झालं. मला आता मशीन नको."

डायलिसिसचा माणूस मशीन नको म्हणतो, त्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना माहीत होता. महारुद्र पाया पडला. उपयोग झाला नाही. गुरुवारी दाजींचं तोंड सुजलं. आडवं पडलं की श्वास लागायचा म्हणून उशा लावून बसवलं. शुक्रवारही असाच गेला तर शनिवार दिसेल की नाही, सांगता येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी राजेश्री सगुणाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझी मिठाची बरणी द्या."

सगुणाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. आत गेली, बरणी आणली, तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

राजेश्रीनं दुकानातून ओवा आणला. लोखंडी तवा घासून घेतला. दाजींच्या खाटेजवळ जमिनीवर ठेवला आणि त्यात मूठभर मीठ टाकलं. खाली जाळ नव्हता, काही नव्हतं.

ती पदर पसरून बसली.

"आत्याबाई, या. मीच तुमाला घालवलं, मीच बोलवायलेय. आता तितं पाय न्हाई. जळण्यासारखं काही न्हाई ऱ्हायलं. आता शेका. पाहिजे तेवढं शेका. पर त्यांना जगवा."

मीठ तसंच पडून होतं.

दाजींचा श्वास घरघरत होता. बाहेर ऊन रणरणत होतं. राजेश्री रडत रडत तेच तेच म्हणत राहिली.

आणि मग गार तव्यातलं मीठ...

तड.

दाजींच्या दातातला टॉवेल गळून पडला. त्यांनी डोळे मिटले. उशांना टेकून ते बसल्या जागीच झोपले, आणि संध्याकाळी उठल्यावर त्यांनी भाकरी मागितली. शुक्रवारी सकाळी महारुद्र आला तेव्हा ते जीपपर्यंत जायला कुबड्या मागत होते.

तेव्हापासून ती रोज येते. जिथे पाय नाही, तिथली चादर दुपारी गरम असते. राजेश्रीनं ते स्वीकारलं. माणसाला कशाचीही सवय होते.

पण मागच्या सप्टेंबरमध्ये माधवी मॅडमनी दाजींच्या डाव्या पायावर तेच पेनासारखं यंत्र टेकवलं.

सर्र...

...

सर्र...

आवाज होता. पण बारीक होता, थांबून थांबून येत होता. मॅडमनी यंत्र पुसलं आणि म्हणाल्या, "या पायाला फार जपा."

आता डावा पायही गार लागतो. राजेश्रीला लागतो, म्हणजे आणखी कुणाला लागत नसेल का?

म्हणून ती दुपारी झोपत नाही. दाजींचा डावा पाय दोन्ही हातांनी झाकून बसते. वास आला की म्हणते, "हा न्हाई, आत्याबाई. तिकडं. पलीकडं." लहान पोराला समजवावं तसं रोज समजावते.

दिवाळीनंतर मी पेडगावला गेलो. राजेश्रीनं डाव्या हातानं चहा दिला. उजव्या हाताला पट्टी होती. मी विचारलं, तेव्हा तिनं पट्टी सोडून दाखवली.

हाताच्या पाठीवर गोल फोड होता. पुरचुंडीएवढा.

दुपारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. जाग आली ती भाजल्यामुळे. हात दाजींच्या डाव्या पायावरच होता, आणि हाताला मिठाचे खडे चिकटलेले होते. खालचा पाय सुखरूप होता. गारच होता.

"सांगून टाक तिला, जा म्हणून," मी म्हणालो.

"सांगितलं तं जातील, दादा. एकदा गेल्याच होत्या की. पर त्या गेल्या तं ह्ये मशीनला जायचे न्हाईत."

"आणि राहिल्या तर?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून दाजींचा झोपाळलेला आवाज आला, "हं... जरा इकडं..." चहा तसाच टाकून राजेश्री आत पळाली. मी बाहेरच्या ओट्यावर बसून राहिलो. मलाही तो वास आला. शपथेवर सांगतो, आला. मग आतून तिचा हळू आवाज ऐकू आला, "न्हाई, आत्याबाई... हा नका..." आणि मग दात दाबून घेतलेला एक श्वास.

दाजी अजून मंगळवारी आणि शुक्रवारी मशीनला जातात. डावा पाय अजून आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. राजेश्रीच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.